मदत हवी आहे: कडाक्याच्या थंडीत बोटीवरचा एसी हीटिंगला चालवावा का?

मंडळी, अमेरिकेत मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसला आमची जुनी सेलबोट (शिडाची बोट) धक्क्याला बांधलेली असते. यंदा हिवाळ्यातही शनिवार-रविवार तिच्यावर राहायचा बेत आहे. घरच्यांच्या मते हे खूळ आहे, पण ते सोडा.

बोटीवर १६,००० बीटीयू क्षमतेचा रिव्हर्स सायकल एसी, म्हणजे गार आणि गरम दोन्ही हवा देणारा, आहे. हीटिंगला लावला की तो खाडीचं पाणी आत ओढतो, त्यातली उष्णता काढून केबिनमध्ये सोडतो आणि पाणी परत बाहेर टाकतो. ऑक्टोबरात झकास चालला. पण जानेवारीत इथलं पाणी ४-५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातं, मग त्यातून काढायला उष्णता उरतेच कुठे? परवा बघितलं तर बाहेर पडणारी धार चांगली जाड होती, गाळणीत शेवाळ नव्हतं, तरी व्हेंटमधून येणारी हवा जेमतेम कोमट. एसीच्या कॉइलमध्येच (पाणी फिरतं त्या वेटोळ्या नळीत) पाणी गोठून ती फुटेल, ही खरी धास्ती.

तुम्ही पाण्याच्या किती तापमानाला हीटिंग बंद करता? बंद केल्यावर सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) मिटून नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) भरलं की पुरे, की पंप वेगळा उघडावा लागतो? धक्क्यावरची वीज ३० अँपिअर, १२० व्होल्ट. त्यावर १५०० वॅटचा ऑइल हीटर आणि तेवढाच गीझर रात्रभर एकत्र चालवणारं कुणी आहे का? प्लग तापतो का?

डिझेल हीटरचाही विचार चाललाय. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहेच, पण धुराड्याची नळी कुठून काढलीत, त्याचे फोटो असतील तर टाका.