डेडलिफ्ट आणि कंबर: आपले अनुभव

डेडलिफ्टने, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार दोन्ही हातांनी धरून सरळ उभे राहण्याच्या व्यायामाने, कंबर जाते, असे ठामपणे सांगणारे भेटतात आणि कंबर बळकट करायची तर याहून चांगला व्यायाम नाही, असे तितक्याच ठामपणे सांगणारेही भेटतात. हा व्यायाम नियमित करणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी किंवा दुखण्यानंतर पुन्हा सुरू केलेल्यांनी, बार जमिनीवरून सुटण्याआधी आपण नेमके काय करतो, हे येथे लिहावे. किती वजन उचलता, हे नाही लिहिले तरी चालेल.

———

मी उंच आहे आणि माझ्या मांड्याही लांब आहेत. बारच्या टोकांना लावायच्या वजनाच्या मोठ्या गोल प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे जमिनीवरच्या बारची उंची सुमारे २२.५ सेंटिमीटर; ती प्लेटने ठरते, उचलणाऱ्याच्या शरीराने नव्हे. तिथपर्यंत पोचण्याआधीच माझ्या खुब्यांची वाकण्याची मर्यादा संपते आणि उरलेले वाकणे कंबरेला करावे लागते. म्हणून मी प्लेटखाली ठोकळे ठेवून बार उंच करून घेतो. नवशिक्यांची तर वेगळीच गंमत होते: वजन कमी म्हणून लहान प्लेट लावतात, बार आणखी खाली जातो आणि सर्वांत हलक्या वजनासाठी सर्वांत जास्त वाकावे लागते.

———

मी हा व्यायाम शिकवते. ‘पाठ सरळ ठेवा’ एवढे सांगून भागत नाही, कारण ऐकणारा छाती पुढे काढून कंबरेची कमान वाढवतो. मी आधी बारशिवाय, पाठीवर उभी काठी धरून वाकायला लावते. ती डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. ते जमल्यावर बार पावलाच्या मध्यावर घ्यायचा, पोटात श्वास भरून पोट आणि कुशी ताठ करायच्या, काखा आवळायच्या आणि बार आणि प्लेट यांच्यातला सैलपणा निघेपर्यंत ताण हळूहळू वाढवायचा. झटका मारला की नितंब आधी वर जातात आणि कंबरेवर भार येतो. बार अंगापासून जितका पुढे सरकेल, तितका तोच भार कंबरेला अधिक जाणवतो, म्हणून तो नडगीला आणि मांडीला लागूनच वर यावा. वर पोचल्यावर मागे झुकण्याचा उपयोग मला आजवर दिसलेला नाही. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखण्याबाबत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

———

वजन उचलताना कंबरेभोवती घट्ट बांधायच्या बेल्टबद्दल थोडेसे. तो कंबरेला टेकू देतो म्हणून लावायचा नसतो. ताठ केलेल्या पोटाने त्याच्यावर दाब द्यायचा असतो. पोट ताठ करता येत नसेल, तर बेल्टचा फारसा फायदा नाही.

———

मणक्यांमधली चकती सरकल्याचे निदान झाल्यावर मी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पुन्हा सुरुवात केली, तीही आत उभे राहून उचलायच्या षटकोनी बारने, कारण त्यात वजन पुढे न राहता दोन्ही बाजूंना राहते. सकाळी उठल्याउठल्या मी हा व्यायाम टाळतो. रात्रभर पडून राहिल्याने चकत्यांमध्ये पाणी जास्त असते आणि वाकताना त्यांच्यावर अधिक ताण येतो. दुसऱ्या दिवशी स्नायू आंबले, तर मी काळजी करत नाही. कळ नितंबातून पायात उतरली किंवा मुंग्या आल्या, तर मात्र त्याच क्षणी थांबतो. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, असे मला पहिल्याच भेटीत बजावले होते.