भिंत संपते तिथून पुढे

‘दगडी भिंत घातली की किनारा वाचला’ असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत संपते तिथून पुढच्या गावाचा किनारा जास्त झिजतो. आम्हा बडोदेकरांचा समुद्र म्हणजे वलसाडजवळचं तीथल, तोही सुट्टीपुरता. मागच्या खेपेला ऐन भरतीला पोचलो, तर काळी वाळू गायब, नुसते दगड! आईने वर बसूनच शिंतोडे अंगावर घेतले.

आणि ‘किनाऱ्याला इतक्या जवळ बांधकामाला पंचायतीने परवानगी दिलीच कशी’ विचारणाऱ्यांसाठी: २०१९च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने दाट वस्तीच्या (चौरस किलोमीटरला २१६१हून जास्त, जनगणना २०११ची) ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरचा ५० मीटर केलाय. हा बदल दिल्लीहून आलाय, पंचायतीतून नाही.