रेसिडेंटला शिकवायलाही शिकवा

एकांनी लिहिलंय की रेसिडेंटचं, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरचं, स्वतःचंच काम उरकत नाही, तो इंटर्नला, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी दवाखान्यात काम शिकणाऱ्याला, शिकवणार कधी? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात रात्री दोनला इंटर्नशेजारी उभा असतो तो रेसिडेंटच. शिकवणं तिथंच होतं, फक्त ते कसं करायचं हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

अमेरिकेत १९९२ मध्ये मांडलेली ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ पद्धत अशाच घाईसाठी आहे. समजा, ताप आणि धाप घेऊन ऊसतोड कामगार आला. इंटर्नला आधी विचारा, ‘तुला काय वाटतं?’ न्यूमोनिया म्हणाला तर, ‘कशावरून?’ मग एकच नियम सांगा : श्वासाची गती पूर्ण मिनिटभर मोजायची. काय बरोबर केलं ते नेमकं सांगा. चुकलं तेही सांगा, पण नातेवाइकांसमोर नको. चारचौघांत झापलेलं पोरगं पुढच्या वेळी शंका विचारतच नाही, आणि ते पेशंटला महागात पडतं.

राहिला कामाच्या ओझ्याचा प्रश्न. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, नियमांत कामाचे वाजवी तास आणि कामाची निकड पाहून आठवड्याला एक सुट्टी आहे. विभागप्रमुखांनी ती खरोखर द्यावी. आणि कुणाला फारच असह्य होत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.