ऑक्सिजन किती लिटरवर? तुमच्या वॉर्डातले अनुभव लिहा

जुनी_सिस्टर: भाची नर्सिंगला आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "आत्या, सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार) पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, कितीवर ठेवायचं?" ८८ ते ९२ म्हटलं आणि आमचा जुना मेडिकल वॉर्ड आठवला. केसपेपरवर नुसतं "ओटू एसओएस", म्हणजे लागेल तसा ऑक्सिजन. नळी की मास्क, मिनिटाला किती लिटर, सॅच्युरेशन कुठवर न्यायचं, काही नाही. अँटिबायोटिक मिलिग्रॅममध्ये लिहिणार, ऑक्सिजन मात्र सिस्टरच्या अंदाजाने. पल्स ऑक्सिमीटर एकच, तोही इन्चार्जच्या कपाटात कुलूपबंद. सिनियर लावायची तसं आम्ही लावायचो.

एका रात्री सीओपीडीचे एक बाबा गाढ झोपलेले, नातेवाईक खूश. मला ती झोप बरी दिसेना. हात गरम, तोंड लालसर, हाक मारली तर नुसतं "हं". फ्लोमीटर (किती लिटर जातोय ते दाखवणारी काचेची नळी) बघते तर बॉल पार वर! मुलाने आमच्या मागे फिरवून ठेवलेला, "जास्त दिला तर लवकर बरे होतील" म्हणून. सीओपीडीत ऑक्सिजन जास्त झाला की होतं तेच, अंगात कार्बन डायऑक्साइड साठला होता. ऑक्सिजन एकदम काढला नाही, फ्लो उतरवत आणला, डॉक्टरांना उठवलं. सकाळी बाबा मुलाशी कडकडून भांडत होते, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तुमच्याकडे काय चालायचं?

सिरिंजवाली: एसओएस तरी लिहायचे 😂 आमच्याकडे जाता जाता "लाव गं जरा".

पाळी_संपेना: मास्क २ लिटरवर!! अजून बघते. साध्या मास्कला निदान ५ हवेत, नाहीतर पेशंट स्वतःचाच सोडलेला श्वास परत ओढतो. २ च द्यायचेत तर नाकात नळी लावा की. आणि मास्कखालची ती ऑक्सिजन साठवायची पिशवी, रिझर्व्हॉयर बॅग, चपटी लोंबत असते बिचारी. आधी भरून घ्या, मग १० ते १५ वर ठेवा. नव्या मुलींना हे कोणी दाखवतच नाही, त्यांना काय बोलणार.

सिलेंडरवाला_मामा: सिस्टर लोकांनी हिशोब पण शिका. ७ घनमीटरचा जम्बो सिलेंडर म्हणजे ७००० लिटर. मिनिटाला १० वर चालवला तर १२ तास पण नाही. रात्री ३ ला "मामा, संपला". आणि सिलेंडर उघडायची चावी? ती कधीच जागेवर नसते.

सिरिंजवाली: मामा, चावी आम्ही बँडेजने सिलेंडरलाच बांधली. बँडेजसकट गेली.

सिलेंडरवाला_मामा: 🤣🤣 रेग्युलेटरला तेलाचा हात लावू नका फक्त. पेट घेतो.

बाळांचा_वॉर्ड: आमच्याकडे उलटं दुखणं. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाचं १०० दिसलं की सगळे खूश. अहो, ९५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, डोळ्याचा पडदा जातो. नवी आली की मॉनिटरचा वरचा अलार्म आधी लावायला सांगते, तो सगळे बंद करून ठेवतात.

नुसती_वाचक: मी नर्स नाही. आईला घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन) आहे, बोटाचा ऑक्सिमीटर कधी ८२ दाखवतो कधी ९५. घाबरायचं का?

जुनी_सिस्टर: बोट गार आहे का? नेलपॉलिश, मेंदी? हात चोळून गरम करा, बोट हलू देऊ नका, आकडा स्थिर झाला की वाचा. तरी ९० च्या खाली राहिला किंवा धाप वाढली तर डॉक्टर. मशीनची जाळी कधी धुतली होती?

नुसती_वाचक: जाळी असते??

पाळी_संपेना: 🙈 मागे किंवा बाजूला बघा. धुवा, पूर्ण वाळवून बसवा.

सिरिंजवाली: ऑक्सिजन ओला करायच्या बाटलीतलं पाणी रोज बदलता का कोणी? आमच्याकडे वरचेवर नळाचं ओततात.

बाळांचा_वॉर्ड: नळाचं नको गं, जंतूंची शेतीच ती. डिस्टिल्ड, नाहीतर उकळून गार केलेलं. आणि मोठ्या माणसाला नळीने ४ लिटरपर्यंत देताना बाटली लागतच नाही.

सिरिंजवाली: माहितीये. पण बुडबुडे दिसले नाहीत की नातेवाईक येतात, "सिस्टर, ऑक्सिजन बंद पडलाय".

पाळी_संपेना: आमच्याकडे डॉक्टरही येतात 😅 चला, हँडओव्हर आहे.