‘कडकडीत तेल’ म्हणजे नेमकं किती तापलेलं?

आजीच्या वहीत चकलीला ‘कडकडीत मोहन’ लिहिलंय, बटाटेवड्यांना ‘तेल कढत झाल्यावर’ आणि शंकरपाळ्यांना ‘मंद आच’. घरात थर्मामीटर नाही. कडकडीत आणि कढत यांत फरक आहे का? कुठलं जास्त गरम?

—

ताई, ‘कडकडीत’ मुळात आवाजाचा शब्द आहे. मोहनाचं तेल पिठावर ओतलं की चर्र व्हायला हवं, पीठ फसफसायला हवं. तसं झालं की ते कडकडीत. पळीभर तेल पिठात पडताच निवतं, म्हणून थोडं जास्त तापलं तरी बिघडत नाही. कढईभर तेल मात्र इतकं तापवून चकली सोडली तर वरून करपेल आणि आत मऊ राहील. म्हणजे वहीतलं ते विशेषण फक्त मोहनाचं. तळणीला लावू नका.

‘कढत’ हे कढणे या क्रियापदावरून. दूध कढतं, तूप कढवतात. तळणीचं तेल मात्र उकळत नाही. वडा सोडल्यावर जे बुडबुडे दिसतात ती वड्यातल्या पाण्याची वाफ असते. म्हणून तर चकलीभोवतीचे बुडबुडे कमी झाले की ती झाली असं समजतात. काहीही न टाकता तेल तडतडत असेल तर कढई ओली होती, तेल तापलं असा अर्थ नव्हे.

—

आमच्या गावाकडे ‘कडत पाणी’ म्हणतात, ड म्हणून. पण ते अंघोळीचं! त्या हिशोबाने कडत तेलात कुणी वडे सोडले तर ते नुसते तेल पितील.

—

हा हा, बरोबर. म्हणून शब्दापेक्षा पिठाची गोळी बरी. तळाशी बसून राहिली तर तेल गार. बुडबुडे सोडत सावकाश वर आली तर मध्यम, साधारण 160 ते 170 अंश: शंकरपाळे, करंज्या. टाकल्या टाकल्या उसळून वर आली तर 180 च्या आसपास: पुऱ्या, वडे. पुरीला जोर लागतोच, आतल्या पाण्याची झटकन वाफ झाली नाही तर ती फुगणार कशी? गोळी लगेच काळपट पडली तर गॅस बंद करा आणि थोडं गार तेल घाला.

—

‘धूर येईपर्यंत’ असंही काही कृतींत असतं. ते जपून घ्या. रिफाइंड शेंगदाणा तेल 230 अंशांच्या आसपास धुरावतं, घाण्याचं त्याच्या बरंच आधी. उत्तरेकडे मोहरीच्या तेलाचा उग्रपणा जावा म्हणून ते धुरापर्यंत तापवून मग निववतात. ती ओळ आपल्या शेंगदाणा तेलाला लावण्यात अर्थ नाही.

आणि ‘मंद आच’ हे विस्तवाचं वर्णन आहे, तेलाचं नव्हे. चुलीवर लाकडं मागे ओढली तरी जाड कढईतलं तेल बराच वेळ तापलेलंच राहतं. गॅसवरही तेच. बटण फिरवलं म्हणून लगेच शंकरपाळे सोडू नका.

—

यात ‘हसणे’ पण घ्या ना. अनारसा तुपात पसरून विरला की ‘हसला’ म्हणतात. तूप गार होतं म्हणूनच ना?

—

तेही एक कारण, पण बऱ्याचदा दोष पिठाचा. गूळ जास्त झाला की तूप कितीही नीट तापवा, अनारसा हसतोच. एक तळून पाहायचा, हसला तर पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळायची.

—

छान चर्चा. वहीत ‘पहिला घाणा’ असंही आहे. तो तेल गाळायचा घाणा का?

—

नाही हो, एका वेळी कढईत मावतील तेवढे वडे किंवा चकल्या म्हणजे एक घाणा. तो काढला की तेल निवलेलं असतं, म्हणून दुसरा सोडण्याआधी मिनिटभर आच वाढवायची आणि परत गोळी टाकायची. गोळी नवी घ्या. तळलेल्या गोळीत पाणी उरलेलं नसतं, ती काही सांगणार नाही.