मदत हवी आहे : उंची 190 सेमी, पाय लांब, रोडबाइक 58 ची घ्यावी की 61 ची?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी रोडबाइक घ्यायचीय आणि साइजवर येऊन घोडं अडलंय. आम्ही साताऱ्याचे. सुट्टीच्या दिवशी पोवई नाक्यावरून निघतो, यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन येतो पठ्ठ्या, तेही साध्या गिअरच्या सायकलवर, पण घरी आला की मान आणि कंबर धरून बसतो कारण ती सायकल त्याला लहानच पडते. म्हणून आता घ्यायची तर मापाचीच असं घरात ठरलंय.

इथल्या दुकानात 58 ची (म्हणजे फ्रेमचं माप, सेमीत) आहे, ते म्हणतात सीट वर घ्या, होऊन जातं. बसवून बघितलं. पायडल खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहावा म्हणून सीट चढवत गेलो तर सीटपोस्टवरची (सीटच्या दांडीवरची) मिनिमम इन्सर्शनची रेघ, म्हणजे याच्यावर दांडी काढू नका अशी खूण, फ्रेमच्या तोंडाशी आली, आणि हँडल सीटपेक्षा चांगलं अर्धी वीत खाली. ड्रॉपमध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात) हात घातल्यावर तर गडी पार दुमडला. उतारावर अशा बसणीने ब्रेक दाबत यायचं म्हणजे मला काळजीच वाटते.

घरी नीट माप घेतलं, अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरून. इनसीम, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप, आला 94 सेमी. त्याला 0.883 ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटपासून (पायडलच्या दांड्या जिथे फिरतात तिथून) सीटची उंची साधारण 83 सेमी येते. फ्रेमसाठी 0.67 चा हिशोब केला तर 63 येतात, पण तो आडव्या टॉप ट्यूबच्या (वरच्या नळीच्या) जुन्या फ्रेमचा हिशोब, आताच्या फ्रेमा मागे उतरत्या असतात म्हणून नुसत्या आकड्यावर जाता येत नाही, शिवाय एका कंपनीची 58 आणि दुसरीची 58 सारखी नसते, स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेमच्या पुढच्या टोकाची उभी उंची) आणि रीच (तिथपर्यंतचं आडवं अंतर) हेच बघावे लागतात.

एक जण म्हणाला 58 च घ्या आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) 120 मिमीची टाका. मला ते पटत नाही. ह्याचे पाय लांब आहेत, धड त्यामानाने आखूड, त्यामुळे अडचण पुढे पोचायची नाहीच, हँडल वर हवंय, म्हणजे स्टॅक जास्त पाहिजे. लांब स्टेमने तो अजूनच ताणला जाणार.

मग 61 घेऊन स्टेम 90 ची करावी का? का एन्ड्युरन्स जॉमेट्रीची (लांब पल्ल्याला आरामात बसता येईल अशा रचनेची) 58 बघावी, तिचा स्टॅक रेसिंगच्या 58 पेक्षा जास्त असतो म्हणून? आणि क्रँक (पायडलची दांडी) 172.5 मिमीची पुरेल का 175 च हवी, घाटात फरक पडतो का?

सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर कुठेही कुणाकडे 60-61 ची सायकल असेल तर दहा मिनिटं भावाला बसून बघू द्याल का? आम्ही टेप घेऊन तुमच्या दारात येतो.