१२ हजारांत एअर कॉम्प्रेसर: दर्जा आणि वॉरंटी कशी पारखायची?

जामसंडे_गॅरेज:
नमस्कार मंडळी. जामसंड्यात दुचाकीचं छोटं गॅरेज टाकतोय, गणपतीआधी सुरू करायचंय. काम म्हणजे हवा भरणं, कार्बोरेटर फुंकणं, कधीमधी मडगार्डला रंगाचा हात. बजेट १२ हजार, त्यावर एक रुपया नाही. ऑनलाइन बघितलं तर ५० लिटरचे सगळे सारखेच दिसतात, सगळ्यांवर ‘३ एचपी’ आणि ‘१ वर्ष वॉरंटी’. यातला बरा कुठला हे ओळखायचं कसं? लाइन सिंगल फेज आहे आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं. गॅरेज घराला लागूनच आहे.

कुडाळ_टायर:
बजेट वाढव. बेल्टचा घे, ओतीव लोखंडाच्या हेडचा. माझा एल्गी कंपनीचा १४ वर्षं चालतोय, ऑइल आणि दोनदा बेल्ट सोडला तर एक पैसा लागला नाही. डंपरच्या टायरलासुद्धा हवा देतो. डायरेक्ट ड्राइव्हचं, म्हणजे बेल्टशिवाय पंप थेट मोटरला जोडलेलं, ते खेळणं गॅरेजात टिकत नाही.

जामसंडे_गॅरेज:
दादा, डंपर नाही, स्कूटर आहेत. आणि बजेट १२.

वेंगुर्ला_रंगकाम:
मी ऑनलाइनच घेतला होता, मोठ्या नावाचा. आठव्या महिन्यात व्हॉल्व्हची पट्टी तुटली. कंपनी म्हणाली, व्हॉल्व्ह, रिंग, फिल्टर, कपॅसिटर हे झिजणारे भाग, ते वॉरंटीत बसत नाहीत. बरं, मोटर तरी बसते ना, विचारलं. तर म्हणे हे मशीन घरगुती वापराचं, तुम्ही धंद्याला लावलंत. जवळचं सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. तीस-पस्तीस किलोचं धूड फोंडाघाटातून स्वखर्चाने नेलं आणि तसंच परत आणलं. अजून राग जात नाही.

आचरेकर_होडी:
तुका सांगतंय, नवो घेव नको. माझ्या मेव्हण्यान कोल्हापूरच्या उद्यमनगरातसून जुनो बेल्टचो आणलो, १० हजारात. होडयेक रंग मारता, काय बिघडूक नाय. जुना लोखंड ता जुना लोखंड.

कणकवली_रिवाइंडिंग:
आचरेकर, जुन्या मशीनची मोटर चांगली असेल, मान्य. टाकीचं काय? आपल्या हवेत टाकी आतून गंजते, बाहेरून रंग कोरा करकरीत असतो. गेल्या पावसाळ्यात एकाने आणलेल्या टाकीचा खालचा ड्रेन उघडला, कोऱ्या चहासारखं पाणी आलं आणि त्यात गंजाचे पापुद्रे. ८ बार दाबाला पातळ झालेला पत्रा फाटला तर माणूस जातो. जुनी टाकी घ्यायचीच तर आधी पाणी भरून दाबाची चाचणी करून घ्या. हवेने कधीच करू नका.

जामसंडेवाले, तुमच्यासाठी सांगतो. एचपीचा आकडा वाचूच नका. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ३ एचपीची मोटर २३० व्होल्टवर नुसती चालताना १० अँपिअरच्या वर खेचणार. प्लेटवर अँपिअर ७ लिहिले असतील तर ते ३ एचपी नव्हे. लिटर प्रति मिनिट हा आकडाही पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो, प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी. खरी हवा दुकानातच मोजा: टाकी पूर्ण रिकामी करून ड्रेन बंद करा, मोबाइलवर घड्याळ लावा, ८ बारला मशीन आपोआप बंद होईपर्यंतचा वेळ बघा. ५० लिटर गुणिले ८, म्हणजे ४०० लिटर हवा. ४ मिनिटं लागली तर मिनिटाला १००. हवा भरायला एवढी पुष्कळ, रंगाच्या मोठ्या गनला कमी.

मशीन बंद होताना ‘फुस्स’ आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर हेडमध्ये दाब अडकून राहतो, पुढच्या वेळी मोटर नुसती घुंघुं करते आणि कमी व्होल्टेजला जळते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मोटरींचं दुखणं हेच, आणि दुसरं म्हणजे लांब, बारीक वायरची एक्स्टेंशन. मग दाबाचा काटा बघत १० मिनिटं थांबा, उतरता कामा नये. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तांब्याचं की अॅल्युमिनियमचं ते बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहायला कचरला की समजा.

कुडाळ_टायर:
म्हणूनच म्हणतो, बेल्टचा.

मालवण_फ्रिज:
कुडाळवाल्यांशी सहमत, बेल्टचाच घ्या. आणि पाणी रोज संध्याकाळी काढा, ऑइल कॉम्प्रेसरचंच घाला, इंजिनचं नको.

रत्नागिरी_वाचक:
वेंगुर्लेकर, तुम्ही तक्रार सोडायला नको होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्वयंरोजगार करून फक्त उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी उद्देशा’त मोडत नाही. तुम्ही ग्राहकच आहात. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर जिल्हा आयोगात जा.

वेंगुर्ला_रंगकाम:
पण वॉरंटी कार्डावरच घरगुती लिहिलेलं होतं ना. मी ते नंतर वाचलं.

रत्नागिरी_वाचक:
कार्डावर लिहिलं म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही. दावा टिकेल की नाही ते तिथे ठरेल. पण जामसंडेवाल्यांनी कार्ड आधी वाचावं हे खरं.

आचरेकर_होडी:
चाचणी करून घेतलस तर जुनोच बरो. इतक्याच सांगतंय.

जामसंडे_गॅरेज:
मंडळी, काल घेतला. बेल्टचा नाही, जुना नाही, ५० लिटरचाही नाही. कणकवलीच्या दुकानातून २४ लिटरचा ऑइल-फ्री (पंपात तेल न घालता चालणारा), कमी आवाजाचा, ११,६०० ला. भिंतीपलीकडे वडील झोपून असतात, त्यांना आवाज सोसत नाही. बेल्टचं मशीन दुकानात चालू करून दाखवलं तेव्हाच माझा निर्णय झाला.

रिवाइंडिंगवाल्या काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. मुद्दाम सात वाजता गेलो, व्होल्टेज पडलेलं असताना. २ मिनिटं २० सेकंदांत भरला, म्हणजे १९२ लिटरचे मिनिटाला ८२. डब्यावर ११८ लिहिलंय. फुस्स आला, काटा हलला नाही. कार्डावर घरगुती वापराचीच अट होती, म्हणून दुकानदाराकडून बिलावर ‘दुचाकी गॅरेजसाठी, १ वर्ष, दुरुस्ती दुकानातच’ असं हाताने लिहून सही-शिक्का घेतला. खाली सीरियल नंबर आणि ‘कॉपर वाइंडिंग’. रंगकाम आता बाहेर देईन.

कणकवली_रिवाइंडिंग:
ऑइल-फ्रीची रिंग लवकर झिजते, सलग चालवू नका, मध्ये मध्ये विसावा द्या. बिलाचा आजच फोटो काढा, थर्मल कागदावरची शाई उडते.

कुडाळ_टायर:
वर्षभराने कसा चालतोय ते इथेच लिही.